पंचांच्या जर्सीचा रकाना

दि. ४ मार्च, मंगळवार

चि. ठकूस बाबांचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे. आईचा गुडघा पूर्वीसारखाच आहे, म्हणजे जिना चढताना दुखतो आणि शेजारच्या वहिनींकडे जाताना दुखत नाही. स्वयंपाकघरातला गळका नळ अखेर बदलला. नवा नळ गळत नाही, पण उघडताना असा काही शिंकतो की पहिले दोन दिवस आई आतून मला विचारत होती, "अहो, सर्दी झाली का तुम्हाला?"

फोन सोडून पत्र का, असे तुला वाटेल. फोनवरच्या आपल्या संभाषणाचा मी गेली अडीच वर्षे अभ्यास केला आहे. "बरी आहेस ना?" "हो." "जेवलीस?" "हो. आईला देता?" एवढ्यात ते संपते. आज मला जे सांगायचे आहे ते पस्तीस वर्षे विज्ञान शिकवलेल्या माणसाकडून दोन "हों"च्या फटीत बसवणे शक्य नाही.

प्रथम एक कोडे. तू फुटबॉलची पंच आहेस, तेव्हा उत्तर तुला ठाऊक असणार. तरीही मला ते पहिल्यापासून मांडू दे, कारण मी ते या हंगामात स्वतः शोधून काढले आणि त्याचा आनंद अजून ओसरलेला नाही. तुमच्या कामगार स्पर्धेतला छापखान्याचा संघ घरच्या मैदानावर अग्निशामक दलाशी खेळतो तेव्हा मरून जर्सी, पांढरी चड्डी आणि मरून मोजे घालतो. तोच संघ गोदी कामगारांच्या मैदानावर पाहुणा म्हणून जातो तेव्हा जर्सी मरूनच राहते, मोजेही तेच, पण चड्डी मात्र पांढरीऐवजी मरून होते. आता गोदीची जर्सी गर्द निळी. निळ्याची आणि मरूनची गफलत कोण करणार? जर्सी वेगळ्या असताना चड्डी बदलण्याचा खटाटोप कशासाठी? दूरदर्शनवर सामने पाहणाऱ्या कोणालाही हे दिसलेले असते आणि बहुतेक लोक "असेल काहीतरी" म्हणून सोडून देतात. आईचे मत होते, "पांढरी धुवायला टाकली असेल."

उत्तर असे. गोदीची चड्डी पांढरी आहे. मैदानात खेळाडू सुटे असतात तेव्हा आपण जर्सी पाहतो. पण चेंडूभोवती सहा-सात जणांचा गुंता झाला की जर्सी एकमेकींआड जातात आणि दिसतात ते फक्त पाय. चेंडू शेवटी कोणाच्या पायाला लागून रेषेबाहेर गेला, पाय कोणी आडवा घातला, हे सगळे कमरेखाली घडते. तिथे दोन्हीकडे पांढऱ्या चड्ड्या असतील तर पंचांनी पाहायचे काय? म्हणून पाहुण्यांनी चड्डी बदलायची. मोज्यांचे तर त्याहून अधिक. पंचांचा निम्मा न्याय मोज्यांवर उभा असतो, असे मी आईला सांगितले. ती म्हणाली, "आयुष्यभर स्वतःच्या मोज्यांची जोडी सापडली नाही तुम्हाला."

तर मी एक वही घातली आहे. प्रत्येक सामन्याला एक ओळ. रकाने असे: यजमानांचा पोशाख, पाहुण्यांचा पोशाख, दोन्ही गोलरक्षक, पंच, प्रकाश, शेरा. पोशाखासाठी संक्षेप केले आहेत. मरून-पांढरी-मरून म्हणजे "मपाम", निळी-पांढरी-निळे म्हणजे "निपानि". मी ते पुटपुटत घरात फिरतो तेव्हा आईला वाटते की मी औषधांची नावे पाठ करतो आहे.

प्रत्येक संघाकडे दोन जर्सी, दोन चड्ड्या आणि मोज्यांच्या दोन जोड्या धरल्या तर दोन दुणे चार, चार दुणे आठ पोशाख होतात. प्रत्यक्षात कोणताही संघ तीन-चारांपलीकडे जात नाही. अग्निशामक दलाने संपूर्ण हंगाम एकाच पोशाखात काढला, कारण त्यांच्याकडे दुसरा नाहीच. दवाखान्याच्या संघाची पांढरी जर्सी नोव्हेंबरात कोणीतरी लाल मोज्यांबरोबर धुतली. त्या दिवसापासून माझ्या वहीत त्या जर्सीची नोंद "पांढरी असावी" अशी आहे. या गोष्टींनी मला किती हर्ष होतो हे सांगू लागलो तर पत्राचे वजन वाढेल.

ही सर्व माहिती मी वर्तमानपत्रातल्या छायाचित्रांवरून जमवली.

आता मुद्द्याकडे येतो. येत्या १६ तारखेच्या रविवारी अंतिम सामना गोदी आणि छापखाना यांच्यात आहे आणि पंच म्हणून तुझी नेमणूक झाली आहे. (आईने हे मला सांगितले तेव्हा ती भांडी पुसत होती, आणि एकच पातेले तिने चार वेळा पुसले.) छापखाना पाहुणा धरला जाणार, म्हणजे पोशाख "मममम" नव्हे, "ममम", आनंदाच्या भरात एक म अधिक पडला. सामना चारला सुरू होईल. दुसरा अर्धा भाग पाचला. जादा वेळ लागला तर सव्वासहा सहज वाजतील, आणि त्या मैदानावर दिवे नाहीत.

इथे निसर्गाची एक खोड लक्षात घ्यावी लागते. उजेड कमी होऊ लागला की सगळे रंग सारख्या गतीने विझत नाहीत. लाल आधी विझतो, निळा मागे रेंगाळतो. खिडकीशी एक लाल आणि एक निळे पुस्तक ठेवून संध्याकाळी पाहत बस. दिवसा झळझळणारे लाल पुस्तक काही मिनिटांत काळे पडते आणि निळे त्यापेक्षा उजळ दिसू लागते. मरून तर मुळातच गडद. म्हणजे ऊन कलल्यावर मरून जर्सी ही डोळ्याच्या कोपऱ्याला काळीच असते.

आणि तू काळी जर्सी घालतेस.

२२ डिसेंबरचा सामना तुला आठवत असेल. छापखाना विरुद्ध दवाखाना, वेळ पाच वाजून वीस मिनिटे, आकाश ढगाळ. छापखान्याच्या बचावपटूने मान न वळवता डावीकडे पास दिला, कारण डोळ्याच्या कोपऱ्यात त्याला आपला गडी उभा दिसला. तो गडी तू होतीस. तू झटकन उडी मारून बाजूला झालीस, चेंडू तुला लागला नाही, मागून आलेल्या दवाखान्याच्या खेळाडूने तो घेतला आणि गोल झाला. चेंडू पंचाला लागला नसेल तर खेळ थांबवण्याचे कारण नाही. तुझा निर्णय शंभर टक्के बरोबर होता. तरी प्रेक्षक हसले, आणि दुसऱ्या दिवशी पेपरने "पंचांना सुरेख पास" असे शीर्षक दिले. ती चूक तुझी नव्हती, त्या खेळाडूचीही नव्हती. ती दोन रंगांची आणि ढळत्या उन्हाची होती. अंतिम सामन्यात तेच दोन रंग आणि तेच ऊन पुन्हा एकत्र येणार आहेत, आणि या वेळी गोल गेला तर तो चषकाचा गोल असेल.

उपाय सोपा आहे. पंचांना काळीबरोबर पिवळी जर्सीही मिळते. ती घाल.

एवढेच सांगायचे असते तर हे पत्र एका पानात संपले असते. पण वहीतला पंचांचा रकाना मला अस्वस्थ करतो. सतरा ओळी आणि सतरा वेळा "काळी". बाकीचे सगळे रकाने बदलतात, हा एक बदलत नाही. ज्या रकान्यात काहीच बदलत नाही त्यामागे नियम तरी असतो किंवा कारण तरी, असे मी मुलांना शिकवत आलो. नियम नाही, तो मी तपासला. मग कारण काय? पिवळी जर्सी फाटली असेल. मापात बसत नसेल. गैरसोयीची असेल. आणखी एक कारण संभवते, ते मी लिहीत नाही.

माझी एक गोष्ट तुझ्या ध्यानात आली असेल, कारण तू लहानपणापासून माझ्या चुका माझ्या आधी पकडतेस. या हंगामात नव्वद सामने झाले आणि माझ्या वहीत फक्त सतरा आहेत, ते सगळे तुझे. दुसरे असे की आपले वर्तमानपत्र क्रीडापान अजूनही काळ्यापांढऱ्यातच छापते.

उत्तर दे. फोनवर नको.

तुझा,
बाबा

---

दि. ७ मार्च, शुक्रवार

ती. बाबांना ठकूचा नमस्कार.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा बसमध्ये वाचलं आणि एकटीच हसत बसले, तर शेजारच्या बाई सरकून बसल्या.

आधी तुमच्या वहीतली चूक सांगते. तुम्हाला आवडेल. सतरा नाही, अठरा. दोन वर्षं रेषापंच म्हणून काढल्यावर मुख्य पंच म्हणून मिळालेला ऑगस्टमधला माझा पहिला सामना तुमच्याकडे नाही, कारण तुम्ही आला नव्हतात. दुसऱ्यापासून आहात.

हो, मला माहीत होतं. पण लगेच नाही कळलं. पूर्वेच्या कट्ट्यावर तिसऱ्या ओळीत टोपी घातलेला एक माणूस वही घेऊन बसतो आणि सारखा लिहितो, तर आमच्या दोन्ही रेषापंचांनी ठरवून टाकलं की पंच मंडळाने गुपचूप परीक्षक पाठवलाय. तुमचं नाव पडलं "वहीवाले साहेब". तुम्ही दिसलात की एक जण पोट आत घेऊन धावायचा. दुसरा एकदा सामना संपल्यावर म्हणाला, "ताई, आज साहेबांनी तीन पानं लिहिली. गेलो आपण कामातून." मीही तेच समजून होते. मग तिसऱ्या सामन्यात तुम्ही थर्मास उघडलात, तर आपला लाल, झाकणाला पोचा आलेला. मला वाटलं शिट्टी गिळते की काय.

त्या थर्मासमध्ये चहा कोण भरून देत होतं, बाबा? तुम्ही आईला ग्रंथालयात जातो म्हणून सांगत होतात. ती मला फोनवर म्हणाली, "ग्रंथालयातून येतात आणि बुटांना गवत असतं. मी काही विचारत नाही. विचारलं तर खरं सांगावं लागेल बिचाऱ्यांना." माझं सामन्यांचं वेळापत्रक तुमच्या फ्रिजवर कोणी लावलंय, तेही एकदा बघा.

मी वर पाहत नव्हते, कारण पाहिलं असतं तर पुढच्या वेळी तुम्ही आला नसता. मी तुम्हाला ओळखते.

आता तुम्ही न लिहिलेलं कारण मी लिहिते. अडीच वर्षांपूर्वी पंचांची परीक्षा पास झाले, पोशाख मिळाला, पिवळी जर्सी घालून तुमच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं, कशी दिसते. तुम्ही चष्मा वर करून म्हणालात, "पंच नाही दिसत. रस्ता बंद असल्याचा फलक दिसतेस." आणि हसलात. मोजणी खात्यातली कायमची नोकरी अर्धवेळ करून घेतली, त्याबद्दल तुम्ही आधी महिनाभर बोलला होतात. ते सगळं मी ऐकून घेतलं होतं. हे नाही ऐकलं गेलं.

तरी पहिल्या सामन्याला मी पिवळीच घातली. मुद्दाम. वाटलं, चिडून का होईना, बघायला याल. कट्टा दोनदा शोधला. मध्यंतराच्या आधी कुणीतरी मोठ्याने हसलं, कशाला हसलं देव जाणे, पण मला ते तुमचं हसू वाटलं. त्यानंतर काळी.

तुमचं गणित बरोबर आहे. मरून आणि काळ्याचं मलाही डिसेंबरपासून डोक्यात होतं. पण अडचण अशी की मी नेहमी काळी घालते म्हणून कार्यालयाने मला न विचारताच गोदीच्या गोलरक्षकाला पिवळी देऊन टाकलीये. माझा रंग बदलायचा तर गुरुवारपर्यंत तशी चिठ्ठी द्यावी लागेल, मग तो हिरवी घालेल. चिठ्ठी मी अजून दिलेली नाही.

दोन गोष्टी हव्यात. एक, २२ डिसेंबरला मी उडी मारली तेव्हा सगळे हसले. तुम्ही हसलात का? खरं सांगा. दोन, ते फलकाचं वाक्य मागे घ्या. लेखी. तुमच्या त्या शाळेच्या भाषेत, तारखेसकट.

ठकू

---

दि. १० मार्च, सोमवार

चि. ठकूस आशीर्वाद.

तुझे पत्र सकाळी मिळाले. फ्रिजवरचे वेळापत्रक पाहिले. गेले सात महिने ते तिथे आहे आणि मी त्याला विजेचे बिल समजत होतो. आईला विचारले, "तुला पहिल्यापासून ठाऊक होते?" ती म्हणाली, "थर्मास सहा तास गरम राहतो. ग्रंथालय गल्लीच्या टोकाला आहे."

तुझ्या दुसऱ्या मागणीपासून आरंभ करतो, कारण ती सोपी आहे.

निवेदन. मी, खाली सही करणारा, अडीच वर्षांपूर्वी घराच्या बैठकीच्या खोलीत पिवळ्या जर्सीविषयी जे वाक्य उच्चारले ते निरीक्षणाच्या दृष्टीने चुकीचे, अभ्यासाविना केलेले आणि बापाला न शोभणारे होते. पिवळा हा रंग मंद प्रकाशातही दुरून स्पष्ट दिसतो, आणि रस्त्यावरच्या फलकांसाठी तो निवडला जातो तो याच गुणासाठी. म्हणजे मी जे हिणवण्यासाठी बोललो ते वस्तुतः त्या जर्सीचे प्रशस्तिपत्र होते, हे विज्ञानाच्या शिक्षकाला कळू नये याची मला लाज वाटते. सदर वाक्य मी बिनशर्त मागे घेतो. दि. १० मार्च. साक्षीदार म्हणून आईची सही सोबत आहे. तिने सही करण्याआधी "एवढंच?" असे विचारले, म्हणून पुढचे लिहितो.

पस्तीस वर्षे मी वर्गासमोर उभा राहिलो. पाठ फळ्याकडे वळली की मागून हसण्याचा आवाज येतो, आणि तो आपल्या चालण्याला आहे, आवाजाला आहे की सदऱ्याला आहे, हे कधीच कळत नाही. पहिल्या वर्षी मी रोज घरी येऊन आरशात पाठ पाहत असे. तू पिवळी जर्सी घालून समोर उभी राहिलीस तेव्हा मला कट्टा भरून माणसे दिसली आणि ती सगळी तुला हसत होती. दुसरे कोणी हसण्याआधी मीच हसून घेतले. त्यामागे भीती होती. तुला मात्र फक्त हसणे ऐकू गेले, आणि ते साहजिक आहे.

आता पहिली मागणी. २२ डिसेंबरला मी हसलो नाही. मी उभा राहिलो, आणि शेजारी शेंगा खात बसलेल्या एका स्थूल गृहस्थांना मरून रंग मंद प्रकाशात काळा कसा दिसतो हे समजावून सांगू लागलो. ते म्हणाले, "काका, गोल झालाय, बघू द्या." मी म्हणालो, "गोल झाला तो याच कारणाने झाला, पंचांचा काही दोष नाही." ते वैतागले आणि म्हणाले, "एवढं लागलंय तुम्हाला, तुम्ही पंचांचे कोण?"

मी म्हणालो, "कोणी नाही. मी फक्त नोंद ठेवतो."

तू विचारलेस त्यापेक्षा हे वाईट आहे, हे मला कळते. हसलो असतो तर निदान तुझा बाप म्हणून हसलो असतो. ते गृहस्थ उठून दुसऱ्या ओळीत गेले, आणि उरलेला सामना मी वहीकडे पाहत काढला. त्या दिवशीचा शेऱ्याचा रकाना कोरा आहे. बाकी सोळा ठिकाणी काही ना काही लिहिले आहे.

आज दुपारी अंतिम सामन्याची तिकिटे आणायला तुमच्या संघटनेच्या कार्यालयात गेलो होतो. खिडकीतल्या लिपिकाने मला पाहिले आणि तो ताडकन उभा राहिला. "साहेब, तुम्ही कशाला रांगेत? परीक्षकांच्या खुर्च्या वेगळ्या आहेत."

"मी परीक्षक नाही," मी म्हणालो.

"बरं, बरं," तो डोळा मिचकावून म्हणाला. "कळतं आम्हाला. गुप्त असतं."

"मी अंतिम सामन्याच्या पंचांचा बाप आहे. तिसऱ्या ओळीतली दोन तिकिटे द्या."

रांगेत सात-आठ माणसे होती. सगळ्यांनी ऐकले. लिपिक खाली बसला, माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाला, "मग सांगाच. नोव्हेंबरात ताईंनी माझ्या भाच्याला कार्ड दाखवलं ते कशासाठी?"

"पाय त्याचाच होता. मोजे राखाडी होते, मी पाहिले."

"तरीच," तो मागच्या माणसाला म्हणाला. "घरातच हट्ट आहे."

घरापर्यंत चालत आलो. बसची आठवणच झाली नाही.

वहीत आज एक ओळ वाढवली. ऑगस्टमधला सामना, तुझा पहिला. यजमानांचा पोशाख ठाऊक नाही, पाहुण्यांचा ठाऊक नाही, प्रकाश ठाऊक नाही. पंच: पिवळी. शेरा: नोंद ठेवणारा गैरहजर.

चिठ्ठी द्यायची की नाही ते तू ठरव. मैदानावरचा निर्णय पंचांचा असतो. काळी घातलीस तरी मी तिसऱ्या ओळीत असेन.

तुझा,
बाबा

---

दि. १२ मार्च

मा. चिटणीस यांस,

अंतिम सामन्यात पंचांची जर्सी पिवळी राहील. गोदी संघाच्या गोलरक्षकास हिरवी जर्सी घालण्याविषयी कृपया कळवावे.

आपली,
पंच, अंतिम सामना

प्रत: वहीवाले साहेब, रकाना भरण्यासाठी.

---

दि. १५ मार्च, शनिवार

चि. ठकूस,

चिठ्ठीची प्रत आईच्या फोनवर आली. आईने ती मला दाखवली, मग शेजारच्या वहिनींना दाखवली, मग दूध द्यायला आलेल्या माणसाला दाखवली. गुडघ्याचे नावही काढले नाही. हे पत्र टपालाने वेळेत पोहोचणार नाही, म्हणून तुझ्या रेषापंचांच्या घरी नेऊन देतो आहे. हो, तेच, पोट आत घेणारे. ते आपल्या मागच्याच गल्लीत राहतात हे आईने शोधून काढले. उद्या त्यांनी निर्धास्तपणे श्वास घ्यावा, असेही त्यांना सांगणार आहे.

आईने दोन पिवळ्या टोप्या आणल्या आहेत. माझी कानांवरून खाली घसरते. मी आरशात पाहिले आणि म्हणालो, "फलक दिसतो का?" ती म्हणाली, "दोन फलक. रस्ता चांगलाच बंद." प्रेक्षकांनी पंचांच्या रंगाची टोपी घालू नये असा काही नियम आहे का, हे मी पाहून घेतले. नाही.

सामन्याआधी करायची एक साधी चाचणी लिहितो. तू मैदानात कर, आम्ही कट्ट्यावर करू, आणि ज्याला फुटबॉलचा गंधही नाही त्यालाही करता येईल. मध्यरेषेवर उभी राहा आणि डोळे अर्धे मीट, इतके की चेहरे, आकडे, नक्षी सगळे पुसले जाऊन फक्त रंगांचे ठिपके उरतील. मग जर्सींच्या ठिपक्यांचे गट मोज. निळा, मरून, हिरवा, दुसऱ्या गोलरक्षकाचा राखाडी, आणि खाली मान घातलीस की तुझा स्वतःचा पिवळा. पाच गट वेगळे मोजता आले तर पोशाख बरोबर आहेत. चारच भरले तर कोणीतरी कोणाततरी मिसळते आहे. उद्या पाचच येतील, मी कागदावर करून पाहिले आहे.

पाच मोजून झाले की डोळे तसेच अर्धे मिटलेले ठेवून पूर्वेकडे वळ आणि तिसरी ओळ पाहा. तिथे शेजारी शेजारी दोन पिवळे ठिपके दिसले तर डोळे पूर्ण उघड आणि थेट वर पाहा. त्यातला डावीकडचा उठून जाणार नाही.

अंतिम सामन्याच्या पंचांचा बाप